गुपित कुणाचं, कागद कुणाचा?

(फेब्रुवारी २०१० मध्ये केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना इथं वनजमीन कसणाऱ्यांच्या मेळाव्यात एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलणं जसं झालं तसंच बहुतेक ठेवलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी वस्तीवर इतरांना वाचून दाखवावं.)



लांबून चालत आलात. अजिंठ्याच्या डोंगराकडून आलेल्या बाया तर पहाटेच निघाल्या असतील. म्हणून घोषणा थोड्या कमी देऊ आणि कामाचं बोलू. आज मला माहितीच्या अधिकाराबद्दल बोलायचं आहे. त्यातलंही एकच सांगायचं आहे. साहेब म्हणतो, "हा कागद गोपनीय आहे, देता येत नाही." तेव्हा आपण काय म्हणायचं?

मागच्या सालची गोष्ट सांगते. आपल्यातलेच एक आजोबा. त्यांचं नाव मी सांगणार नाही. का सांगणार नाही ते शेवटी सांगते. आजोबांनी वनहक्काचा दावा केला. ग्रामसभेनं मंजूर करून पुढं पाठवला. उपविभागीय समितीनं, म्हणजे प्रांतसाहेबांच्या समितीनं, फेटाळला. कारण काय लिहिलं? "पुरावा अपुरा." आता आजोबांना १९८६ साली जंगलखात्यानं धरलं होतं. नांगर जप्त केला, दंड केला, पावती दिली. ती पावती घरात वीस वर्षं जपली होती आणि शेवटी वाळवीनं खाल्ली. पण खात्याच्या वहीत नोंद असणारच. वनगुन्हा नोंदवला की रजिस्टरला चढतो. म्हणून आम्ही दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला, की त्या सालच्या गुन्हा रजिस्टरची प्रत द्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. "मागणी केलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित व गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही."

मी वाचून दाखवलं. आजोबा जरा वेळ गप बसले. मग म्हणले, "बाई, धरलं मला. दंड भरला म्या. पावती फाडली साहेबानं. मंग ह्यात तिसरा कोण हाय?"

तुम्ही हसलात. मलाही हसू आलं होतं. पण त्या एका ओळीपायी आजोबांची तीन एकर जमीन टांगणीला लागली. म्हणून आज आजोबांचाच प्रश्न पुढं ठेवते. ह्यात तिसरा कोण? गुपित आहे तर ते कुणाचं आहे?

कागद झाकायची सवय कुठून आली

इंग्रजांनी १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा केला. चारच वर्षांनी, १९२७ साली, भारतीय वन कायदा केला. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं, इथले कागद उर्दूत होते. पण पुढं निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि हे दोन्ही कायदे आपल्याही मानगुटीवर बसले. एका कायद्यानं जंगल सरकारचं झालं. दुसऱ्यानं कागद सरकारचा झाला. आपण जमिनीवर राहिलो, पण आपली नोंद कुठं आहे, कुणी केली, काय केली, हे विचारायची सोय राहिली नाही. साहेबाच्या टेबलावर फाईल उघडी असायची आणि आपण दारात चपला काढून उभे.

हे बदललं ते आपोआप बदललं नाही. राजस्थानात रोजगाराच्या कामावरच्या मजुरांनी विचारलं, आमच्या नावानं हजेरीपटावर किती पैसे उचलले ते दाखवा. १९९४ साली तिथं गावात जनसुनवाई सुरू झाली. हजेरीपट मोठ्यानं वाचला जायचा आणि मेलेल्या माणसाच्या नावावरची मजुरी बाहेर पडायची. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं इथं बसली आहेत. हजेरीपट काय असतो आणि त्यात काय काय घुसवतात, हे त्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं, तेव्हा राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला. मग दिल्लीचा कायदा आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून तो लागू आहे. पण वर्षही पुरं झालं नाही तोच, जुलै २००६ मध्ये, केंद्राच्या मंत्रिमंडळानं तो दुरुस्त करायचं ठरवलं. काय दुरुस्ती? फाईलवरची टिपणी लोकांना दाखवायची नाही. टिपणी म्हणजे काय, तर कारकुनानं काय लिहिलं, वरच्या साहेबानं त्यावर काय शेरा मारला, कोण म्हणालं द्या आणि कोण म्हणालं देऊ नका. निकाल दाखवू, पण निकालापर्यंत कसे गेलो ते दाखवणार नाही, असा तो डाव होता. ऑगस्टमध्ये अण्णा आळंदीला उपोषणाला बसले, देशभर लोक उठले आणि सरकारला ते मागं घ्यावं लागलं. आजही अधूनमधून तीच भाषा ऐकू येते. म्हणून कायदा झाला म्हणजे संपलं, असं धरून बसू नका.

एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी

गेल्या महिन्यात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

१२ जानेवारीला दिल्ली हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला. एका नागरिकानं विचारलं होतं की सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश आपल्या मालमत्तेचं पत्रक सरन्यायाधीशांकडं देतात का? सुप्रीम कोर्टाच्या कचेरीनं माहिती द्यायला नकार दिला. हायकोर्ट म्हणालं, देशाच्या सरन्यायाधीशांची कचेरीसुद्धा ह्या कायद्याखाली येते. पत्रक दिलं की नाही दिलं, हे सांगावं लागेल. पण त्याच निकालात कोर्टानं हेही सांगितलं की पत्रकाच्या आत काय लिहिलंय, घर किती, सोनं किती, ही त्या माणसाची खासगी बाब आहे. ती उठसूट कुणालाही द्यायची नाही, त्यासाठी लोकहिताचं कारण दाखवावं लागेल.

कोर्टानं रेघ कुठं ओढली ते बघा. नेमून दिलेलं काम केलं का, हा कारभार झाला, तो उघडा. घरातली पेटी ही माणसाची, ती झाकलेली. हा वाद अजून वर जाईल, पण रेघ ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्याच दिवशी, १३ जानेवारीला, पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे इथं सतीश शेट्टी यांचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. माहितीच्या अधिकारात कागद काढून त्यांनी जमिनीचे घोटाळे बाहेर काढले होते. आपल्याला पोलिस संरक्षण द्या असं त्यांनी मागितलं होतं.

एक दिवस आधी कोर्ट म्हणतं सरन्यायाधीशांनासुद्धा सांगावं लागेल, आणि दुसऱ्या दिवशी विचारणाराच मारला जातो. आपल्या देशात झाकायला पाहिजे ते उघडं पडतं आणि उघडं पाहिजे ते झाकलेलं राहतं, ते असं. अर्ज कुणी केला, कुठं राहतो, कधी फिरायला जातो, हे सगळ्यांना ठाऊक. जमिनीची फाईल मात्र गोपनीय.

कायद्यात खरं काय लिहिलंय

साहेब लोक "गोपनीय" हा शब्द फार सैल हातानं वापरतात. कायद्यात तो तसा नाही. कलम ८ मध्ये दहा गोष्टी मोजून दिल्या आहेत, त्यांच्यापुरतंच "नाही" म्हणता येतं. सगळ्या सांगत बसत नाही, पण आपल्याशी ज्यांचा संबंध येतो त्या सांगते.

देशाच्या सुरक्षेची माहिती. आपल्या दाव्यात ती कुठून येणार? कंपनीचं धंद्यातलं गुपित. तेही आपल्यात नाही. ज्यानं चोरीची खबर दिली त्याचं नाव, किंवा ज्या माहितीमुळं कुणाच्या जिवाला धोका होईल अशी माहिती. ही येते, त्यावर पुढं बोलते. पोलिसांच्या किंवा खात्याच्या तपासाला अडथळा होईल अशी माहिती. इथं "तपास चालू आहे" एवढं म्हणून भागत नाही, माहिती दिल्यानं तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं. दिल्ली हायकोर्टानं २००७ साली तसं सांगितलं आहे. आणि शेवटची, माणसाची खासगी माहिती, जिचा सरकारी कामाशी, लोकांच्या हिताशी काही संबंध नाही.

ह्या शेवटच्या कलमाखाली एक ओळ आहे, ती पाठ करा. जी माहिती संसदेला किंवा विधानसभेला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदारानं विचारलं तर साहेब देणार असेल, तर तुम्हालाही द्यायची. तुमच्यात आणि आमदारात कायद्यानं फरक केलेला नाही.

आणखी पाच गोष्टी सांगते, बोटावर मोजा.

पहिली. गुपित ठेवण्यापेक्षा उघडं करण्यात लोकांचं हित जास्त असेल, तर दहापैकी कुठलंही कारण असलं तरी माहिती देता येते. इंग्रजांचा १९२३ चा कायदा आडवा आला तरी हाच कायदा वरचढ आहे.

दुसरी. एका कागदात थोडं झाकण्यासारखं आणि बाकीचं देण्यासारखं असेल, तर झाकायचं तेवढं काळं करून बाकीचं द्यायचं. सगळा कागद दाबून ठेवायचा नाही.

तिसरी. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती मागितली तर देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद ही तीन कारणं सोडून दुसरं कारण चालत नाही. खासगी आहे, तिसऱ्याचं आहे, हे चालत नाही. आजोबांचा दंड १९८६ चा. म्हणजे वीस वर्षं केव्हाच उलटली होती. आपले बहुतेक पुरावे जुनेच असतात. ही ओळ जणू आपल्यासाठीच लिहिलेली आहे.

चौथी. नाकारलं तर लेखी कारण द्यायचं, कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लिहायचं, अपील कुणाकडं आणि किती दिवसांत करायचं तेही लिहायचं. आणि अपिलात नकार बरोबर होता हे साहेबानं सिद्ध करायचं असतं. आपण नाही.

पाचवी. "फाईल सापडत नाही" हे कलम ८ मध्ये कुठंच नाही. ते गुपितही नाही, कारणही नाही. सरकारी अभिलेख नियम मोडून नष्ट करणं हा महाराष्ट्राच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानं गुन्हा आहे. सापडत नाही म्हणाले तर म्हणायचं, बरं, तसं लिहून द्या.

मग झाकायचं काहीच नाही का?

आहे. आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या सभांमध्ये सगळं उघडं करा, सगळं उघडं करा, एवढंच बोललं जातं.

समजा आपल्या गावातल्या एका पोरानं सागवान चोरीची खबर दिली. ठेकेदारानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की खबर देणाऱ्याचं नाव द्या. द्यावं का? नाही. तिथं गोपनीयता आपल्या पोराचा जीव वाचवते. समजा एखाद्या बाईनं ठाण्यात तक्रार दिली, तिच्यावर काय गुदरलं ते सांगितलं. तो कागद चावडीवर यावा का? नाही. कुणाला टीबी आहे, कुणाचं बँकेत किती आहे, कुणाच्या घरात काय भांडण आहे, हे सरकारच्या कागदात असलं तरी ते सरकारचं नाही. ते त्या माणसाचं आहे.

आता अवघड प्रश्न. मागच्या बैठकीत एका ताईनं विचारला होता. उद्या सावकारानंच अर्ज केला तर? सगळ्या वनहक्कधारकांची यादी द्या, कुणाला किती जमीन मिळाली ते द्या, म्हणजे तो दारोदार जाऊन गहाण मागायला मोकळा. कायद्यानं अर्जदाराला "कशाला पाहिजे" असं विचारता येत नाही. ते कलम आपल्याच फायद्याचं आहे, नाहीतर प्रत्येक साहेब आपल्याला हेच विचारत बसला असता. पण मग सावकारालाही विचारता येत नाही.

मी ह्याच्यावर बराच विचार केला. माणूस बघून कागद द्यायचा की नाही हे ठरवायला लागलो, तर शेवटी ते साहेबच ठरवणार, आणि साहेबाला सावकार जवळचा आहे. म्हणून माणूस बघून नाही, कागद बघून ठरवायचं. दावेदाराचं नाव, गट नंबर, क्षेत्र, दावा मंजूर की नामंजूर, नामंजूर तर का, हे उघडंच पाहिजे. जमीन सार्वजनिक आहे, दावा ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचलेला आहे, त्यात गुपित काही नाही. हेच झाकलं तर बोगस दावे घुसतील आणि खरे मागं पडतील. पण दाव्याला जोडलेला जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, अंगठ्याचा ठसा, हे सावकाराला कशाला? तिथं गोपनीयता लावायची. आणि सावकाराची भीती आहेच, तर आपला कायदाच तिथं उभा आहे. वनहक्काची जमीन विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, ती वारसालाच जाते. हे त्याला चार माणसांत ऐकवायचं.

एक गोष्ट आपल्यातलीही बोलते. राग मानू नका. वनहक्क समितीची वही कुणाच्या घरी असते? काही गावांत सचिव वही दाखवत नाहीत. एकट्या बाईचा दावा घेतला नाही, का घेतला नाही ते लिहिलेलं नाही. हक्कपत्र नवराबायको दोघांच्या नावानं द्यायचं असं कायद्यात आहे, पण दाव्यावर बाईचं नावच लिहिलेलं नाही. साहेबाकडं वही मागायची आणि आपली वही कपाटात ठेवायची, हे बरं दिसत नाही. समितीची वही ग्रामसभेत उघडी ठेवा. ज्याला बघायची त्यानं बघावी. फक्त दुसऱ्याच्या खासगी कागदाची झेरॉक्स कुणाला देऊ नका.

आता काय करायचं

आपला जालना जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून काही अधिकारी सांगतात, "तुम्हाला हा कायदा नाही." चुकीचं आहे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क इथंही तोच आहे. भिल्ल भोकरदनचा असो की नंदुरबारचा, कायदा एकच. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला गेल्या वर्षी, २००९ मध्ये, सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या गावानं वर्षानुवर्षं कागद वाचले, अभ्यास केला, मग मागितलं.

कागद काढायच्या दोन वाटा आहेत. दोन्ही वापरायच्या.

पहिली वाट वनहक्क कायद्याची. त्याच्या नियमांत लिहिलंय की ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागितलं तर संबंधित अधिकाऱ्यानं कागदाची प्रमाणित प्रत द्यायची, आणि समजलं नाही तर समजावून सांगायची. जंगलाचे आणि महसुलाचे नकाशे, मतदार यादी, हे तर उपविभागीय समितीनंच ग्रामसभेला पुरवायचं आहे. म्हणजे नकाशा मागणं ही भीक नाही आणि तो देणं हा उपकार नाही. ग्रामसभेत ठराव करा, ठरावाच्या नकलेसोबत पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं काय न दिलं काय, सारखंच.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. तो अधिकार नागरिकाला आहे, म्हणून अर्ज माणसाच्या नावानं करायचा, ग्रामसभेच्या नावानं नाही. जोडपत्र अ भरायचं, दहा रुपयांचं तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर त्याची नक्कल जोडायची, मग पैसे लागत नाहीत. "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. कागदाचं नाव घ्या. गाव नमुना १-अ, म्हणजे वनजमिनीची नोंदवही. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ह्या दोन्ही तलाठ्याकडं असतात. वनगुन्हा रजिस्टरमधली अमुक सालची पानं. माझ्या दाव्यावर उपविभागीय समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. माझ्या दाव्याच्या फाईलवरच्या टिपण्या. आणि फाईल स्वतः बघायची मागणी करा, तोही अधिकार आहे. पुष्कळदा प्रत मागून मिळत नाही ते फाईल चाळताना सापडतं.

दावा नामंजूर झाला आणि कारण दिलं नाही, किंवा नुसतं "पुरावा अपुरा" लिहिलं, तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ दाखवा. आपल्या निर्णयाचं कारण ज्याच्यावर परिणाम होतो त्याला सांगायचं, हे त्यात लिहिलंय. न मागता सांगायचं.

आता दिवसांचा हिशोब, कारण आपला घात इथंच होतो. माहिती द्यायला तीस दिवस. दिली नाही, किंवा नाकारली, तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत. त्याला वीस रुपयांचं तिकीट. त्यावर निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस. मग नव्वद दिवसांच्या आत दुसरं अपील औरंगाबादला राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं. उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आयोग करू शकतो. हे ऐकायला बरं वाटतं. पण उपविभागीय समितीनं दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडं जायला साठच दिवस आहेत. माहितीची वाट बघत बसलात तर साठ दिवस कधी गेले कळणार नाही. म्हणून ध्यानात ठेवा, कागद येवो न येवो, साठ दिवसांच्या आत जिल्हा समितीकडं अपील टाकायचं. त्यात लिहायचं की पुरावा सरकारच्याच ताब्यात आहे, आम्ही अमुक तारखेला मागितला, दिला नाही. माहिती अर्जाची पोच आणि नकाराचं पत्र जोडायचं. मग तो नकारच आपला पुरावा होतो. आणि आमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नका, हे शेवटी लिहायला विसरू नका, कायद्यात तशी तरतूद आहे.

एकट्यानं जायचं नाही

शेवटचं. सतीश शेट्टी गेले, आणि गावोगावी लोक मला विचारतात, ताई, अर्ज करावा का? पोरं म्हणतात, आई घाबरते.

भीती खोटी नाही. पण भीती कमी करता येते. अर्जदाराला आपल्याशी संपर्क करता येईल एवढा पत्ता सोडून दुसरं काही द्यावं लागत नाही. नाव, पत्ता, सही, बास. कुणी साहेब म्हणाला की घरी कोण कोण आहे, कशाला पाहिजे, कुणी शिकवलं, तर उत्तर द्यायचं नाही. दुसरं, महत्त्वाच्या कागदासाठी एकानं अर्ज करायचा नाही. पाच गावांतल्या पाच जणांनी तोच कागद मागायचा. त्यात दोन बाया असू द्या. तिसरं, कागद हातात आला की तो एका घरात ठेवायचा नाही. त्याच दिवशी झेरॉक्स काढून वस्तीवस्तीवर द्यायचा, ग्रामसभेत वाचायचा. कागद एकाकडं असला तर एकाला गप करून भागतं. पन्नास घरांत गेला की कुणाकुणाला गप करणार?

आणि सरकारकडं आपली एक मागणी राहू द्या. गोपनीयता पाळायचीच असेल तर अर्जदाराच्या नावाची पाळा. आज अर्ज कचेरीत पडला की संध्याकाळी ठेकेदाराला फोन जातो. हे गुपित कुणीच राखत नाही. आपली फाईल झाकतात आणि आपलं नाव उघडं करतात. हे उलटं झालं पाहिजे.

आता कळलं ना आजोबांचं नाव का घेतलं नाही? त्यांचा दावा अजून जिल्हा समितीपुढं आहे. आम्ही पंचावन्नाव्या दिवशी अपील टाकलं, त्याला नकाराचं ते पत्र जोडलं. तिकडं माहितीच्या पहिल्या अपिलात वरच्या साहेबांनी विचारलं, "कुठल्या कलमाखाली नाकारलं?" खालच्या साहेबांना सांगता आलं नाही. दहा दिवसांत प्रत मिळाली. तीन ओळींची नोंद. आजोबांचं नाव, सर्व्हे नंबर, दंडाचे पैसे. त्यांच्या वर आणि खाली आणखी चार नावं होती, तीही आपल्याच गावची, आणि त्यांचेही दावे "पुरावा अपुरा" म्हणून पडलेले. साहेब ज्याला तिसरा माणूस म्हणत होते तो हाच. एकाच पानावर पाच जणांचा पुरावा होता आणि ते पान गोपनीय म्हणून कपाटात होतं.

ते पान आता पाचही घरांत आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. लागला की पुढच्या अंकात कळवू.

तुम्ही आज घरी गेलात की तुमच्या दाव्याच्या कागदावर बघा, नामंजुरीची तारीख काय आहे. त्यात साठ दिवस मिळवा. ती तारीख भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. आज जेवण झाल्यावर ह्याच झाडाखाली आपली पोरं जोडपत्र अ घेऊन बसणार आहेत. दहा रुपयांची तिकिटं आणलेली आहेत. ज्यांचे साठ दिवस संपत आलेत त्यांनी आधी या.

जल, जंगल, जमीन आपली. कागदही आपलाच.

जोहार.